'द होल नाइन यार्ड्स' आपल्या नऊवारीवरून आलं का? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न दोन भागांत आलाय, शिवाय फोटोच्या कॅप्शनचा एक उपप्रश्न आहे तो शेवटी घेतो. ऑफिसच्या कॉलवर अमेरिकन क्लायंट म्हणाला की "वी विल गो द होल नाइन यार्ड्स", त्याचा नेमका अर्थ काय. आणि दुसरं म्हणजे फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की हा वाक्प्रचार इंग्रजांनी आपल्या नऊवारी साडीवरून उचलला, नऊ वार म्हणजे नाइन यार्ड्स, ते खरं का.

दुसऱ्या भागाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, नाही, खरं नाही. पण नुसतं "नाही" म्हणून सोडलं तर फॉरवर्डवाल्या काकांना उद्या काय सांगणार, म्हणून पुढचं सगळं लिहितोय. मी इंग्रजी-मराठी भाषांतर आणि कोशाचं काम करतो, त्यात वाक्प्रचारांचं मूळ शोधणं हा रोजचाच भाग आहे, आणि या एका वाक्प्रचाराइतकं खोदकाम इंग्रजीतल्या दुसऱ्या कुठल्या वाक्प्रचारासाठी क्वचितच झालं असेल. लोकांनी अक्षरशः वर्षानुवर्षं जुने पेपर चाळलेत यासाठी.

अर्थ सोपा आहे. सगळंच्या सगळं, जेवढं म्हणून आहे तेवढं, काही मागे न ठेवता. पण तो वापरतात दोन-तीन वेगवेगळ्या जागी आणि मराठीत प्रत्येक जागी वेगळा शब्द बसतो. यादीच्या शेपटाला लावतात तेव्हा, म्हणजे "लग्नात बँड, घोडा, फटाके, ड्रोनवाला, द होल नाइन यार्ड्स", तिथे आपण म्हणू "सगळं कसं साग्रसंगीत". क्रियापद 'गो' असेल तर "हातचं न राखता करणे". आणि कुणाला काही सांगायचं असेल, 'गिव्ह हिम द होल नाइन यार्ड्स', तर "अथपासून इतिपर्यंत सांगणे". तुमचा क्लायंट म्हणाला त्याचा अर्थ एवढाच की काम अर्धवट सोडणार नाही, जे जे लागेल ते करू. बोलण्यातला उत्साह आहे तो, यात स्कोप वाढला असं धरून चालू नका, वाढला असेल तर लेखी मागा.

आता मूळ. पहिली गोष्ट लक्षात घ्या की हा वाक्प्रचार अमेरिकन आहे, ब्रिटिश नाही. ब्रिटनमध्ये तो बराच उशिरा आणि अमेरिकेतूनच गेला. फॉरवर्डचा निम्मा डोलारा इथेच कोसळतो, पण त्याकडे नंतर येतो, कारण अमेरिकेतल्या थिअऱ्या काही कमी मजेशीर नाहीत.

सगळ्यात लोकप्रिय थिअरी दुसऱ्या महायुद्धाची. लढाऊ विमानाच्या मशीनगनच्या काडतुसांचा पट्टा २७ फूट लांब असायचा, म्हणजे बरोब्बर नऊ यार्ड, आणि पायलटने शत्रूवर सगळा पट्टा रिकामा केला की "आय गेव्ह हिम द होल नाइन यार्ड्स". ऐकायला इतकं झकास आहे की खरंच असावं असं वाटतं. मग सिमेंटवाले, काँक्रीट मिक्सरच्या ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल मावतो, सगळा ओतला की होल नाइन यार्ड्स. न्यूयॉर्क टाइम्समध्ये भाषेवर सदर लिहिणारे विल्यम सफायर, अमेरिकेत भाषेच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे मोठा शब्द, त्यांनीही एकेकाळी या ट्रकच्या बाजूने कौल दिला होता. मग जहाजवाले: डोलकाठीला आडव्या ज्या काठ्या असतात, ज्यांना शिडं बांधतात, त्यांनाही इंग्रजीत यार्डच म्हणतात. तीन डोलकाठ्या, प्रत्येकीला तीन आडव्या, झाले नऊ, सगळी शिडं उघडली की होल नाइन यार्ड्स. स्कॉटलंडच्या घागऱ्याला, म्हणजे किल्टला, नऊ यार्ड कापड लागतं म्हणून. उत्तम सूट शिवायला नऊ यार्ड लागतं म्हणून. कफनाला लागतं म्हणून. अमेरिकन फुटबॉलवरून. व्हिएतनाममधल्या डोंगरी जमातींना, मॉन्टन्यार्ड लोकांना, अमेरिकन सैनिक थोडक्यात 'यार्ड्स' म्हणायचे त्यावरून. आणि आपल्याकडे नऊवारी.

यातल्या बऱ्याच थिअऱ्या तर पेपर न उघडताच पडतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये पुढची संधी मिळवायला दहा यार्ड जावं लागतं, नऊ गेलात तर एक कमी पडला, म्हणजे अर्थ नेमका उलटा होईल. किल्ट शिवणारे आजही आठ यार्डांच्या किल्टला पूर्ण किल्ट मानतात. मोठ्या शिडाच्या जहाजांना एकेका डोलकाठीवर तीनपेक्षा जास्त आडव्या काठ्या असायच्या, आणि मुख्य म्हणजे १८व्या-१९व्या शतकातल्या खलाशांनी ढीगभर लिहून ठेवलंय त्यात हा वाक्प्रचार कुठेही नाही. काँक्रीटचं म्हणाल तर १९६२ साली अमेरिकेत मिक्सर ट्रकची सरासरी क्षमता जेमतेम सव्वासहा घनयार्ड होती आणि त्याच्या काही वर्षं आधी तर साडेचारचा ट्रक सर्रास चालायचा. नऊचा ट्रक हे नेहमीचं माप व्हायच्या आधीच लोक नाइन यार्ड्स बोलत होते, मग ट्रकवरून कसं येईल. आणि काडतुसं कुठलंही सैन्य नगावर मोजतं, कापडासारखी वारावर नाही, तुम्ही महायुद्धाच्या काळातली पत्रं, डायऱ्या, रिपोर्ट कितीही चाळा, पायलट लोक हा शब्द वापरताना दिसत नाहीत.

पण मग काडतुसांची गोष्ट एवढी पसरली कशी? याला कारण आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. अगदी २००० सालानंतरही बरीच वर्षं कोशकारांकडे या वाक्प्रचाराचे जे जुन्यात जुने लेखी दाखले होते ते सगळे १९६०च्या दशकातले होते, आणि त्यातले बरेचसे सैन्य आणि विमानांच्या आसपासचे. १९६७ साली एलेन शेपर्ड या पत्रकार बाईंचं व्हिएतनाममधल्या अमेरिकन हवाई दलाबद्दल पुस्तक आलं त्यात तो आहे. १९६४च्या एप्रिलमध्ये अंतराळ कार्यक्रमातल्या लोकांच्या बोलीवर एक लेख अमेरिकन पेपरात छापून आला, त्यात सांगितलंय की 'गिव्ह देम द होल नाइन यार्ड्स' म्हणजे एखाद्या प्रोजेक्टचा कलमवार रिपोर्ट देणे. आता ज्या लोकांनी हा शब्द पहिल्यांदा एअरफोर्सवाल्याच्या तोंडून ऐकला, त्यांना त्याचा उगम विमानात दिसणार हे साहजिकच आहे ना, ट्रक ड्रायव्हरकडून ऐकला असता तर ट्रकमध्ये दिसला असता, आणि तसा तो दिसलाही.

खरा बदल झाला जुने पेपर स्कॅन होऊन सर्चेबल झाल्यावर. आधी कोशाचं काम म्हणजे वाचत बसायचं आणि नजरेस पडलं तर कार्डावर टिपून ठेवायचं, इंडियानामधल्या कुठल्यातरी खेड्याच्या साप्ताहिकात काय छापलंय हे न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या संपादकाला कळायचा काही मार्गच नव्हता. पेपर डिजिटल झाले आणि हौशी लोक तुटून पडले. यातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव बॉनी टेलर-ब्लेक, या बाई नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मेंदूविज्ञानाच्या क्षेत्रात संशोधन करणाऱ्या, भाषा हा त्यांचा पेशा नाही, हौस. आणि दुसरं नाव फ्रेड शपिरो, येलच्या लॉ लायब्ररीतले ग्रंथपाल, अवतरणांच्या मोठ्या कोशाचे संपादक. २०१२ मध्ये आधी टेलर-ब्लेक यांना केंटकी राज्याच्या शिकार आणि मासेमारीच्या सरकारी मासिकात १९५६ आणि १९५७चे दाखले मिळाले. शिकार आणि मासेमारी, लक्षात घ्या, ना विमान ना काडतूस.

मग त्याच वर्षी गाडी घसरली, म्हणजे चांगल्या अर्थाने. केंटकीतल्याच माउंट व्हर्नन नावाच्या छोट्या गावाच्या पेपरात १९१२चे दोन दाखले सापडले, पण त्यात नऊ यार्ड नव्हते, सहा होते! 'द होल सिक्स यार्ड्स'. पहिला राजकारणाचा. १९१२ म्हणजे रिपब्लिकन पक्षात माजी राष्ट्राध्यक्ष टेडी रूझवेल्ट आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांचं जोरदार फाटलं होतं ते वर्ष, तर पेपरवाला डेमोक्रॅट बाजूने लिहितो की या दोघांचं भांडण झालं नसतं तर त्यांच्या पक्षातल्या भानगडी आपल्याला कळल्याच नसत्या, जरा थांबा, प्रकरण तापू द्या, मग ते होल सिक्स यार्ड्स सांगतील. दुसऱ्यात संपादक सांगतोय की आम्ही काही दिवस बाहेर होतो त्यामुळे या अंकात बातम्या कमी आहेत, पुढच्या अंकात होल सिक्स यार्ड्स देऊ. आणि १९२१ मध्ये साउथ कॅरोलायनामधल्या स्पार्टनबर्गच्या पेपरात बेसबॉलच्या बातमीला हेडिंगच आहे, 'द होल सिक्स यार्ड्स ऑफ इट', आणि खाली बातमीत यार्डांचा काही संबंध नाही, समजावूनही सांगितलेलं नाही, म्हणजे वाचकाला ते माहीत आहे असं गृहीत धरलंय.

तेव्हा शपिरो यांचं म्हणणं असं पडलं की आधी सहा होते आणि आकडा फुगून नऊ झाले, इंग्रजीत असं होतं, 'क्लाउड नाइन'च्या (म्हणजे आनंदाने हवेत तरंगणं) आधी क्लाउड सेव्हन आणि क्लाउड एट पण होतेच की. हे डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापूनही आलं. (आपल्याकडे बायका नऊवारीवरून सहावारीवर आल्या आणि अमेरिकेत वाक्प्रचार सहावारीवरून नऊवारीवर गेला, असा विनोद मला तेव्हा फार आवडला होता.) पण वर्षभराच्या आत त्यालाही धक्का बसला, कारण इंडियाना राज्यातल्या मिचेल गावच्या पेपरात १९०७ आणि १९०८चे दाखले निघाले, आणि त्यात चक्क नऊ यार्ड.

हे दोन दाखले जरा जवळून बघा. मे १९०७चा आहे बेसबॉलचा. पेपर म्हणतो आज दुपारी अडीच वाजता सामना आहे, गावची नेहमीची टीम व्यापारी मंडळींशी खेळणार आहे, त्यांना झेपतील तेवढ्या इनिंग्ज खेळतील, पण फुल नाइन यार्ड्सची आम्ही हमी देत नाही. आता बेसबॉलच्या टीमला इंग्रजीत 'द नाइन' म्हणतात कारण खेळाडू नऊ, आणि पूर्ण सामन्याच्या इनिंग्जही नऊ. त्यामुळे हा एकच दाखला असता तर कोणीही म्हणेल की झालं, बेसबॉलवरून आलं. पण जून १९०८चा बघा. रॉस्को नावाचा कोणी इसम मासे पकडायला गेला होता आणि त्याच्याकडे भलीमोठी गोष्ट आहे सांगायला, पण तो ती आमच्यापुढे ओतेपर्यंत उभं राहायला आम्ही तयार नाही, एखाद्या दिवशी कोणीतरी बेसावध सापडेल त्याला आणि मग तो त्याला होल नाइन यार्ड्स देईल. इथे बेसबॉल कुठे आहे? कुठेच नाही. म्हणजे १९०७ मध्ये पेपरवाल्याने आधीच बोलीत असलेला वाक्प्रचार घेऊन नऊच्या सामन्यावर कोटी केली, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

मला हा रॉस्को फार मोलाचा वाटतो, काडतुसं आणि जहाजं यांच्यापेक्षा कितीतरी पटीने. कारण त्याच्यामुळे एक गोष्ट उघडी पडते. सुरुवातीच्या दाखल्यांमध्ये यार्डात काय मोजलं जातंय ते बघा: रॉस्कोची मासेमारीची गोष्ट, रूझवेल्ट-टाफ्टच्या भानगडी, पुढच्या अंकातल्या बातम्या. सामना सोडला तर सगळीकडे सांगणं मोजलंय. लांबलचक गोष्ट जणू थानातून कापड सोडत जावं तशी सोडत जायची, ऐकणारा उभा. आपण नाही का म्हणत, "त्याने सुरू केलं की आवरतच नाही", "लांबण लावली". १९६४चा अंतराळवाला दाखलासुद्धा कलमवार सांगण्याचाच आहे. वस्तूंच्या यादीला शेपूट म्हणून लावायची पद्धत पुढे रुळली.

आणि म्हणूनच "नऊ वार कशाचे?" हा प्रश्नच मुळात चुकतो असं माझं मत आहे. त्याच पट्ट्यात, जवळजवळ त्याच काळात, लोक सहाही म्हणतात आणि नऊही म्हणतात आणि ऐकणाऱ्याला काही अडत नाही. मागे खरोखर मोजलेली एखादी वस्तू असती, पट्टा म्हणा साडी म्हणा ट्रक म्हणा, तर आकडा असा सैल राहिला नसता. आपल्या "सोळा आणे खरं" मध्ये सोळाच का, कारण रुपयाचे आणे सोळाच होते, कोणी "चौदा आणे खरं" म्हटलं तर अर्थ बदलतो, दोन आणे खोटं आहे असा होतो. छत्तीसचा आकडा म्हणजे ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेत म्हणून, तिथे ३७ चालणार नाही. हे आकडे खिळ्यासारखे पक्के आहेत कारण मागे वस्तू आहे. नाइन यार्ड्सचा आकडा तसा पक्का नव्हता, नंतर कानाला बरा लागला म्हणून टिकला. इंग्रजीला नऊची आवड आहेच, मांजराचे नऊ जन्म, वेळेवर घातलेला एक टाका नऊ टाके वाचवतो, नटूनथटून गेलं तर 'ड्रेस्ड टु द नाइन्स'.

कापडाशी अजिबातच संबंध नाही का, असं कोणी विचारेल. यार्ड हे माप रोजच्या वापरात मुख्यतः कापडाचं, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात कापड असणं शक्य आहे. १८५५ साली इंडियानातल्याच न्यू अल्बनीच्या पेपरात एक विनोदी गोष्ट छापलेली सापडते, जज्जसाहेबांच्या शर्टाची. त्यात ते चिडून म्हणतात, काय मूर्ख बाई आहे, मी तीन शर्ट होतील एवढं कापड आणायला सांगितलं आणि हिने तीनऐवजी होल नाइन यार्ड्स एकाच शर्टात घातले! शब्द तेच, राज्य तेच. पण इथे नऊ यार्ड म्हणजे खरोखरचं नऊ यार्ड कापड आहे, वाक्प्रचार नाही, आणि मध्ये पन्नासएक वर्षं काही सापडत नाही. हा विनोद तोंडोतोंडी फिरून त्याचा वाक्प्रचार झाला असं म्हणणारे आहेत. मला ते आवडतं, पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे, मी माझ्या कार्डावर ते पेन्सिलनेच लिहिलंय.

पुराव्याशिवाय थिअरी बनवणं किती सोपं असतं ते दाखवतो. मिचेल, इंडियाना, जिथल्या पेपरात १९०७चा दाखला सापडला, त्या चिमुकल्या गावात १९२६ साली गस ग्रिसम जन्मला. हा कोण, तर अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी एक, मूळचा एअरफोर्सचा पायलट. आणि १९६४ मध्ये हा वाक्प्रचार कुठे दिसला? अंतराळवाल्यांच्या बोलीत! झालं, ग्रिसमने गावाकडची बोली नासात नेली आणि तिथून ती जगभर गेली, काय सुंदर जुळतंय. आता याच्यावर फोटो लावून फॉरवर्ड करा, संध्याकाळपर्यंत तुमच्याकडेच परत येईल. पण ग्रिसम हे बोलला याचा कागदाचा एक चिटोराही नाही, आणि १९५६ मध्ये केंटकीतले मासेमारीवाले हा वाक्प्रचार बिनदिक्कत छापत होते, म्हणजे त्या सगळ्या पट्ट्यात तो बोलीत होताच, त्यासाठी अंतराळवीराची गरज नाही. योगायोग आहे तो. नऊवारीची थिअरी याच जातीची आहे, फक्त आपल्या घरातली आहे म्हणून गोड लागते.

तर आता नऊवारी. वार म्हणजे यार्डच, ३६ इंच, त्याबद्दल वाद नाही. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, जुन्या हिशेबाने अठरा हात. गंमत म्हणजे २७ फूट म्हणजे महायुद्धवाल्यांच्या त्या काडतुसांच्या पट्ट्याएवढंच. शब्द जुळतो, माप जुळतं, इंग्रज इथे होते हेही खरं. मग अडतं कुठे?

कुठल्याही वाक्प्रचाराच्या मुळाबद्दल कोणी काही सांगितलं की आम्ही तीन गोष्टी विचारतो: तारीख, ठिकाण आणि मधली साखळी. इथे ठिकाण आहे इंडियाना-केंटकी, ओहायो नदीच्या आसपासचा शेतकरी आणि छोट्या गावांचा मुलूख, तिथल्या गावपेपरचा वाचक. त्याला १९०७ साली लुगडं माहीत असण्याचं काहीच कारण नाही. इंग्रजांनी इथून उचललं असेल तर ते आधी इथल्या इंग्रजांच्या लिखाणात दिसायला हवं, मग लंडनमध्ये, मग अमेरिकेत. हिंदुस्तानातले इंग्रज काय काय शब्द वापरायचे त्याचा यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये जाडजूड कोशच काढला, हॉबसन-जॉबसन, त्यात इथल्या कपड्यालत्त्याचे शब्द भरपूर आहेत, पण हा वाक्प्रचार नाही. लंडनमध्ये नाही. सुरुवातीचे बहुतेक दाखले नेमके त्या अमेरिकन पट्ट्यात एकवटलेत आणि मधली साखळी शून्य.

आणि अर्थाच्या बाजूने पण बघा ना. त्या काळी आपल्या आजी-पणजीला नऊवारी ही काही "जंगी थाट" नव्हती, ती रोजचं लुगडं होतं, तेच नेसून ती विहिरीवर जायची आणि तेच नेसून शेतात राबायची. "आज तिने अख्खी नऊवारी नेसली" असं कोणी म्हणत नव्हतं कारण अख्खीच नेसतात, अर्धी कशी नेसणार. नऊवारी म्हणजे काहीतरी खास, सणासुदीची, फोटोची, हा अर्थ आपल्या पिढ्यांत आला, रोजचा वापर गेल्यावर. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने आजचा अर्थ १०० वर्षं मागे ढकललाय. शिवाय नऊ वारांवर आपलीच मक्तेदारी नाही, तमिळ ब्राह्मणांची मडिसारही नऊ वारांची, तेव्हा हाच फॉरवर्ड तमिळमध्येही सुखाने चालेल.

भारतातून इंग्रजीत काहीच गेलं नाही असा याचा अर्थ अजिबात नाही, 'लूट' गेली, पुरीचा जगन्नाथ 'जगरनॉट' होऊन गेला. 'द चीज' म्हणजे एकदम अस्सल वस्तू, ही १९व्या शतकातली लंडनची बोली आपल्या "क्या चीज है" मधल्या चीजवरून आली असं बहुतेक कोशकार मानतात, कारण तिथे काळ जुळतो, ठिकाण जुळतं आणि ये-जा करणारी माणसंही दिसतात. उलट हॉबसन-जॉबसनवाल्यांनीच असंही सुचवलं होतं की 'आय डोन्ट केअर अ डॅम' मधला डॅम म्हणजे आपला दाम, तांब्याचं नाणं. यूलसाहेब केवढे विद्वान, पण तिथे पुराव्याने साथ दिली नाही आणि पुढच्या कोशकारांनी ते मान्य केलं नाही. तेव्हा फॉरवर्डवाल्या काकांना फार बोलू नका, चांगल्या संगतीत आहेत ते.

ब्रिटिश क्लायंट असेल तर तो याच अर्थाने बऱ्याचदा 'द फुल मॉन्टी' म्हणेल, आणि त्याचंही मूळ असंच वादात आहे, कोणी माँटेग्यू बर्टन या शिंप्याच्या दुकानातल्या सुटाचं नाव घेतं तर कोणी फील्ड मार्शल माँटगोमेरीच्या भरगच्च नाश्त्याचं. त्याच्यावर पुन्हा कधीतरी.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी, कारण या वाक्प्रचारावर मी बरीच भाषांतरं तपासलीत आणि हमखास एकच प्रकार दिसतो, "पूर्ण नऊ यार्ड". मराठी वाचकाला यातून काहीही कळत नाही. सबटायटलमध्ये "संपूर्ण नऊ गज" पण बघितलंय, ते हिंदीतून उचललेलं. आकडा सोडून द्या, तो इंग्रजीतही काही मोजत नाही मग तुम्ही कशाला मोजताय. वाक्य सांगण्याबद्दल असेल तर "सगळं इत्थंभूत", "अथपासून इतिपर्यंत". समारंभ, जेवण, तयारी असेल तर "साग्रसंगीत". मेहनत असेल तर "कसर ठेवली नाही". सामानसुमान असेल तर "झाडून सगळं". बोलणारा गावरान असेल तर शब्दही तसा घ्या, "समदं" चालेल. इंग्रजीत हा बोलीतला, सैलसर वाक्प्रचार आहे, त्यामुळे करारात, कोर्टाच्या कागदात किंवा रिझ्युमेमध्ये वापरू नका, ईमेलमध्ये टीममेटला चालतो. यार्डचं मीटर करायचं नाही आणि 'होल'च्या आधीचा 'द' गाळायचा नाही, तो गाळला की लगेच परकं वाटतं.

राहिला तुमचा शेवटचा उपप्रश्न, बहिणीने गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचा नऊवारीतला फोटो टाकलाय त्याला 'द होल नाइन यार्ड्स' अशी कॅप्शन दिली तर चूक होईल का. बिलकुल नाही, द्या बिनधास्त. साडीची दुकानं, बुटिक, इन्स्टावाल्या सगळ्या ही कोटी करतात आणि ती चांगली आहे, नेसलेली साडी खरोखर नऊ वारांची आणि थाट सगळा साग्रसंगीत, दोन्ही अर्थ बसतात. फक्त फोटोतली ती रेडीमेड शिवलेली नऊवारी असेल तर आधी कापड मोजून घ्या, त्यात बऱ्याचदा नऊ वार भरत नाहीत.